तिरकी बसवलेली मोटरसायकल

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. कनवटीला खोचलेली एक गाठी मारलेली दोरी त्यांनी काढली आणि म्हणाले, "जरा पाठ करा." मी पाठ केली. त्यांनी माझ्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत दोरी ताणली, अंगठ्यानं जागा धरून ठेवली आणि तशीच नेऊन खोलीच्या दाराला लावून बघितली. नंतर बायकोच्या ट्रंकेची पाळी आली. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, सगळं मोजून झालं तेव्हा ते एकच शब्द बोलले, "बसेल." खोली मिळाली.

तोवर शिंप्याशिवाय कुणी माझं माप घेतलं नव्हतं. रात्री बायको म्हणाली, "माणूस जरा निराळाच दिसतोय." ती कऱ्हाडची. तिच्या बोलण्यात निराळा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिथं स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. आमच्यासारखे घाटावरून आलेले बरेच जण आसपासच्या गावांत जागा मिळेल तिथं राहत होते. आम्हाला मिळाली ती चिंचणीला, एका वाडीतल्या घरात. मागं नारळ, चिकू, केळी, आणि त्याच्याही मागं समुद्र. घरमालकांना सगळे काका म्हणत, म्हणून आम्हीही काका म्हणू लागलो. उंच, वाळके, खांद्यांत अगदी अरुंद. चिकूच्या झाडावरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे, त्यामुळं चालताना तो पाय बाहेरून फिरवून आणावा लागे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. स्वतःचा भात स्वतः शिजवायचे आणि पातेलंसुद्धा चुलीवर ठेवण्याआधी जरा मागं सरून बघायचे.

प्रत्येक वस्तूला जगात एक जागा आहे आणि ती शोधून तिथं तिला बसवणं हे माणसाचं काम आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. आमची लाकडी खाट आली तेव्हा हमालांनी दारात हात टेकले. खाट आत जाईना. काकांनी दोरी लावली, खाट उभी करायला लावली, तिचा एक पाय आधी आत घालून मग अख्खी खाट अंगावर घेऊन वळवली, आणि ती मुकाट्यानं आत गेली. "जागा नाय असं नसतं," ते हमालांना म्हणाले, "वळवावं लागतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते तोंड उघडायच्या आत मीच मनात म्हणून टाकायचो. आम्ही जेवायला बसलो असलो तरी ते खुशाल आत यायचे, दोरी लावायचे आणि माझा पाट दोन बोटं डावीकडं सरकवून निघून जायचे. भाडेकरूच्या पाटाशी घरमालकाचा काय संबंध, असं मला फार वाटायचं. बोललो मात्र नाही, कारण सरकवल्यावर पाठीला भिंत नीट टेकायची.

त्यांचं वैर होतं एका गंजाशी. खाऱ्या वाऱ्यात तिथं काहीच टिकत नसे. कुलपं जाम व्हायची, कात्री उघडायची नाही, माझ्या सायकलची चेन पहिल्याच पावसात तांबडी झाली. काका दर शनिवारी तेलाची बुधली घेऊन घरभर फिरत. रॉकेल आणि खोबरेल यांचं ते काहीतरी स्वतःचं मिश्रण होतं. बिजागऱ्या, कड्या, विहिरीचा रहाट, आणि वाटेत जे लोखंडाचं दिसेल ते. एकदा माझ्या डब्याच्या कडीलाही तेल घातलं आणि त्या दिवशी मी रॉकेलच्या वासाची भाजी खाल्ली. बायकोच्या शिवणयंत्राला न विचारता तेल घातलं तेव्हा तिचे दोन ब्लाऊज खराब झाले. ती भांडायलाच गेली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सूनबाई, डाग धुतला की जातो," ते म्हणाले. "गंज जात नाय."

ती परत आली आणि माझ्यावर चिडली.

या सगळ्या तेलपाण्याचा खरा मानकरी आतल्या कोठीच्या खोलीत उभा होता. लोक जिथं भाताची पोती ठेवतात तिथं काकांनी मोटरसायकल ठेवली होती. जुनी, विलायती बनावटीची, काळ्या टाकीवर सोनेरी रेघ. ती गोणपाटात आणि जुन्या धोतरांत गुंडाळलेली असे. शनिवारी सगळं सोडून, पुसून, तेल लावून काका तिची चाकं हातानं थोडी फिरवून ठेवत, टायर एकाच बाजूनं दबू नये म्हणून. पण ती चालवताना कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर त्यांनी गुडघ्याकडं बोट दाखवलं. आता गुडघा मोडला होता आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी, आणि शेजारी सांगत की त्याआधीही गाडी कित्येक वर्षं कोठीतच होती.

एका दुपारी बायको काहीतरी मागायला गेली आणि पाऊल न वाजवता परत आली. म्हणाली, "अहो, काका गाडीवर बसलेत."

"त्यांचीच गाडी आहे. बसू दे."

"तसं नाही. मागच्या सीटवर बसलेत. पुढं कुणी नाही आणि हे मागं बसून समोर बघतायत."

मी हसलो. विक्षिप्त माणूस, त्याची एक तऱ्हा आणखी, असं म्हणून मी ते सोडून दिलं. बायको हसली नाही.

गाडीची गोष्ट पुढं आम्हाला जीपवाल्याकडून कळली. हा नवापूरचा गडी, एका जुन्या जीपमधून मासळी बोईसर स्टेशनला पोचवायचा आणि येताना बर्फ आणायचा. काकांकडं नारळ न्यायला आला की ओट्यावर टेकायचा. काका विहिरीवर गेलेले पाहून त्यानं आवाज खाली आणला. मोटरसायकल काकांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. घरात दोनच मुलं, काका आणि धाकटी बहीण. ती शिकली गाडी चालवायला. ओहोटी लागली की कडक वाळूवर ती गाडी पळवायची, आणि सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघायचं.

"आमचा बापूस सांगायचा," जीपवाला म्हणाला, "पोरीची जात, पन होडीसारखी सरळ न्यायची."

तिला कोळगावला दिली. वडील गेल्यावर वाटणीची बोलणी झाली तेव्हा तिनं वाडीत काही मागितलं नाही, दागिना मागितला नाही. म्हणाली, मला फक्त गाडी दे. काका नाही म्हणाले. का नाही, ते कुणालाच कळलं नाही. ती पानावरून उठली. जाताना म्हणाली, गाडी घेऊन येशील तेव्हाच माझ्या दारात ये. काका म्हणाले, गाडी पण येणार नाय आणि मी पण येणार नाय. तेव्हापासून भाऊबीजसुद्धा बंद.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. जीपवाला असाच ओट्यावर बसला होता, काका नारळ मोजून देत होते, आणि मी अर्ध्या दिवसानं घरी येऊन वर्तमानपत्र वाचत होतो. जीपवाला सहज म्हणाला, "ताई वाचल्या बगा, काका. टायफॉईड झाला होता. भर पावसात बैलगाडीत घालून पालघरला नेल्या. आता बऱ्या हायत, पन निम्म्या झाल्यात."

काकांच्या हातातला नारळ हातातच राहिला. "कधी?"

"श्रावनात. तुमाला म्हाईत नाय?"

काका पुन्हा मोजू लागले. पुढचा नारळ त्यांनी दोनदा मोजला. तो शनिवार होता आणि त्या दिवशी घरात तेलाची बुधली फिरली नाही. संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात दोरीही नव्हती.

"स्टोअरवाले," ते मला म्हणाले, "ती मेली असती तर मला कोण सांगायला आलं असतं?"

बायकोनं चहा पुढं केला. तो त्यांनी घेतला आणि तसाच धरून ठेवला. बायको सरळ बोलणारी. म्हणाली, "काका, जाऊन भेटून या की."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"गाडी घेऊन जा. एवढंच तर म्हणाल्या होत्या त्या."

चहा निवून गेला. काका कप खाली ठेवून निघून गेले. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढत होतो तेव्हा ते समोर आले आणि म्हणाले, "तुमच्याकडं खोक्यांची लाकडं विकतात म्हणे."

वीजकेंद्राची यंत्रं परदेशाहून मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत. यंत्र काढून घेतलं की फळ्या स्वस्तात विकून टाकत. त्या काळात आमच्या भागातल्या निम्म्या घरांत त्या फळ्यांचं काही ना काही असे, कुणाची खाट, कुणाचं कपाट, कुणाचं खुराडं. त्यावर मोठाली इंग्रजी अक्षरं आणि बाण छापलेले असत, आणि बाण कायम भलतीकडंच रोखलेले. मी काकांना फळ्या मिळवून दिल्या. जीपमागं ओढायचा एक जुना दोनचाकी ट्रेलर त्यांनी भंगारातून आणला, आणि त्यावर चारी बाजूंनी बंद, वर छप्पर, मागं दार अशी पेटी बांधायला घेतली. मोटरसायकल त्या पेटीतून कोळगावला जायची होती.

"मी जाणार नाय," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "गाडी जाईल. तुमी सोबत जा. तिच्या ताब्यात द्या आणि परत या."

"पण बंद पेटी कशाला? उघड्या ट्रेलरवर बांधली की झालं."

"खारा वारा, धूळ. रस्ताभर गंज खाईल."

हे कारण त्यांना शोभेसं होतं, म्हणून मी मान्य केलं. बायकोनं मात्र मला आत बोलावून समजावलं. एवढी वर्षं नाही नाही म्हणून शेवटी माणूस बहिणीपुढं नमला, आणि हे ओट्याओट्यांवरून गावानं बघू नये, म्हणून ही पेटी. तिचं खरं होतं. पण लपवायची वस्तू लपवण्यासाठी काका अंगणात दिवसचे दिवस ठोकाठोक करत बसले, तेव्हा गावाला कळायचं काय राहिलं. येणारा-जाणारा विचारायचा, "काका, गाडी कधी निघते?" काका मान वर न करता सांगायचे, "कसली गाडी? कोंबड्यांची पेटी हाय." विचारणारा गंभीर चेहऱ्यानं बरं म्हणून पुढं जायचा.

खरी पंचाईत लांबीची झाली. ट्रेलर आखूड आणि मोटरसायकल लांब. जीपवाला बघायला आला आणि त्यानं मान हलवली. "काका, शेपूट भायेर ऱ्हाईल. दार लागायचं नाय."

काकांनी पेटीच्या तळावर खडूनं एक रेघ ओढली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. "तिरकी," ते म्हणाले. "पुढचं चाक पुढं उजव्या कोपऱ्यात, मागचं चाक दाराशी डाव्या कोपऱ्यात. हँडल वळवायचं. जागा नाय असं नसतं."

वळवावं लागतं, मी मनात म्हटलं.

पुढच्या डाव्या कोपऱ्यात त्यामुळं एक तिकोनी जागा मोकळी राहत होती. तिथं त्यांनी एक बुटकी फळी ठोकली, हत्यारं ठेवायला. फळीच्या दोन्ही अंगांना दोन उभ्या पट्ट्या ठोकल्या, हत्यारं पडू नयेत म्हणून. आणि त्या कोपऱ्याच्या भिंतीला गिरमिटानं भोकं पाडली. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "बंद पेटीत लोखंडाला घाम येतो. हवा पायजे." मी मुकाट्यानं ऐकत होतो, कारण गंजाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा नाही हे एव्हाना शिकलो होतो.

त्या घराची एक रीत होती, ती इथं सांगायला हवी. लेकीबाळींना पाठवायची पाटी एकदा भरली की ती आपल्या अंगणात पुन्हा उतरवायची नाही. नारळ मोजायचे राहिले असोत, चिकू कच्चे निघोत, भरली म्हणजे भरली. उतरवली तर माहेर तुटतं, असं मानत. काकांनी स्वतः एकदा शेजाऱ्याला हे ऐकवलेलं मी ऐकलं होतं, आणि तेव्हा मनात आलं होतं की हे कुणी बोलावं.

निघायचा दिवस उजाडला. गाडी उजेडात आली तेव्हा आम्ही पहिल्यांदाच ती पुरती पाहिली. कुठं एक डाग नव्हता. काकांनी टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, आणि एका डब्यात ताजं पेट्रोल भरून तो माझ्या हाती दिला. "हा पुढं जीपमधे पायाशी धरा. गाडी दिली आणि रिकामी दिली असं नको." बायकोनं हँडलला हळदकुंकू लावलं. फळ्यांचा उतार लावला. गाडी आत मी न्यायची असं आधीपासून ठरलं होतं, कारण काकांचा गुडघा. मी हँडल धरायला पुढं झालो तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुमी मागून ढकला. हिला मीच नेतो."

गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहून, वाकून, पाय ओढत ते तिला आत घेऊन गेले. मी आणि जीपवाल्यानं मागून रेटलं. पुढचं चाक उजव्या कोपऱ्यात टेकलं, हँडल वळलं, आणि मागचं चाक बरोब्बर दाराच्या आत डाव्या कोपऱ्यात येऊन बसलं. बोटभरसुद्धा उरलं नाही. आतून काकांनी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची सालं, भरलेली पोती दाबून बसवली, हँडल खाली ओढून स्प्रिंगा दबेपर्यंत काथ्याच्या दोरानं आवळून बांधलं. गाडी हलवून बघितली. ती हलली नाही.

"वा," मी म्हणालो. "या आता बाहेर."

आतून काका म्हणाले, "कुठून येऊ?"

आम्ही डोकावलो. काका पुढच्या डाव्या कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या आणि दाराच्या मधे मोटरसायकल आडवी बसली होती. वर छप्पर बुटकं, त्यामुळं सीटवरून ओलांडून यायचं म्हटलं तर गुडघा वाकायला हवा. तो वाकत नव्हता.

"उजव्या अंगानं धरली असती तर आता भायेर असता," जीपवाला म्हणाला.

"गाडी डावीकडूनच धरतात," आतून उत्तर आलं.

"मग सोडा दोर. परत काढू, तुमी उतरा, परत भरू."

"भरलेली पाटी उतरवत नाय."

बायको माझ्याकडं बघू लागली. मी खरोखर संतापलो होतो. आयुष्यभर लोकांचे पाट सरकवणारा, माणसांचे खांदे मोजणारा हा माणूस, आणि स्वतःला बाहेर यायला वाट ठेवायला विसरला. मी हे जसंच्या तसं त्यांना बोलून दाखवलं. काका फळीवर बसले होते. भोकांतून त्यांचा आवाज आला, अगदी मऊ.

"होतं कधी कधी. लावा दार."

आपलं चुकलं असं काका म्हणाल्याचं मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिथंच मला संशय यायला हवा होता, पण रागात माणसाला कुठलं सुचतंय. आम्ही दार लावलं आणि निघालो. गाव ओट्यावर येऊन बघत होतं. कुणी काही विचारलं नाही.

जीप सावकाश चालली होती. मधूनमधून जीपवाला ओरडून विचारायचा, "काका, हायत ना?" आणि मागून यायचं, "हाय. कुठं आलो?" बोईसरच्या नाक्यावर चहाला थांबलो. बांधकामावरचा एक उत्तरेकडचा मजूर पेटीला टेकून बिडी ओढत होता. पेटीवरची इंग्रजी अक्षरं आणि खाली रोखलेला बाण बघून त्यानं विचारलं, "इसमें क्या है भाई? मच्छी?"

"मोटरसायकल है," पेटी म्हणाली.

तो मजूर बिडी टाकून दोन हात मागं सरला. आम्ही काकांना भोकातून बशीनं चहा द्यायचा प्रयत्न केला, तो सगळा पेटीनं प्यायला.

पुढं कोळगाव जवळ आलं तसा मागून कुठं आलो हा प्रश्न येईनासा झाला. आणि मग, आडव्या रस्त्यावर वळलो, तोच पेटीवर आतून धपाधप थापा पडल्या. जीपवाल्यानं जीप थांबवली. आम्ही दोघं उतरून भोकांपाशी गेलो.

"परत फिरवा," काका म्हणाले.

"काय झालं, काका? त्रास होतोय का?"

"नाय. परत फिरवा. गाडी दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू. ती म्हणेल, मरता मरता वाचले तेव्हा आला." पेटीवर आणखी एक थाप पडली. "म्हणेल ते खोटं नाय."

इथून परत गेलो तर हा माणूस पुन्हा कधी निघणार नाही, एवढं मात्र स्पष्ट दिसत होतं. तो सत्तरीला टेकलेला, ती आजारातून उठलेली. मी जीपवाल्याकडं पाहिलं. त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. भात कापून शेतं मोकळी झाली होती, दहा जीपा वळल्या असत्या.

"काका," तो म्हणाला, "रस्ता लई अरुंद हाय. वळवायला जागा नाय."

जागा नाय असं नसतं, हे वाक्य आता येणार, असं मला वाटत होतं. ते आलं नाही. आतून फळी करकरली.

"बरं," काका म्हणाले. "मग काय करणार."

बहीण खळ्यावर होती. भात झोडायचं चाललं होतं. पदर कमरेला खोचलेला, आजारानं गेलेले केस आता कुठं बोटबोट उगवलेले, अंगावर मांस नाही, पण उभी राहण्याची ढब अशी की ही ती, हे सांगावं लागलं नाही. ट्रेलर बघून ती हात पुसत आली.

"चिंचणीवरून वस्तू आणलीय, ताई," जीपवाला म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

तिला मागचं चाक दिसलं. काकांनी आतून दोर सोडले, आम्ही गाडी मागं ओढू लागलो. आधी मागचं मडगार्ड बाहेर आलं, मग सीट, मग सोनेरी रेघेची काळी टाकी, मग हँडल, आणि हँडल धरलेले दोन म्हातारे हात. शेवटी काका. वाकलेले, डोक्याला सोडणांचा भुसा लागलेला.

"दादा," ती म्हणाली, "तू पेटीत काय करतोस?"

"अडकलो," काका म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली.

मग ती गाडीभोवती फिरली. मडगार्डच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं, चेनवरून फिरवलं, बोट वर करून बघितलं. त्यावर तांबडं काही नव्हतं. "पुसत होतास?"

"शनिवारी."

"एवढी जपत होतास तर तेव्हाच का नाय दिलीस?"

काका खाली बघत बोलले. "गाडी दिली असती तर तू माहेरी कशाला आली असतीस, बाय? मला वाटलं, गाडी इथं हाय म्हणजे तू येशील."

तिच्या डोळ्यांना पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं, आणि मी पेट्रोलचा डबा आणायच्या निमित्तानं जीपकडं गेलो. गाडी न देणारा हा माणूस गाडीच्या लोभानं नाही म्हणत नव्हता. त्याला ती चालवताही येत नव्हती. चालवायची बहीण, आणि हा मागं बसायचा.

पेट्रोल भरलं. ती गाडीवर बसली आणि तिनं किक मारली. पायात जोर नव्हता. गाडी खोकली आणि बंद पडली. तिनं पुन्हा मारली, पुन्हा तेच.

"दादा, मागं बस," ती म्हणाली.

काका मागं बसले. न वाकणारा पाय बाजूला सरळ काढून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, नजर समोर. बायकोनं कोठीत पाहिलं होतं ते हेच असणार. फक्त आता पुढं कुणीतरी होतं.

"धक्का लागणार. उतरतोस का?"

"मी उतरणार नाय," काका म्हणाले. "स्टोअरवाले, ढकला."

मी आणि जीपवाल्यानं ढकललं. खळ्याच्या कडेनं, पेंढ्यांच्या उडव्यांवरून पुढं, धापा टाकत. रस्त्याला लागता लागता गाडीनं एक धक्का खाल्ला, काळा धूर आमच्या तोंडावर सोडला आणि ती सुटली. पालघरच्या दिशेनं ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत खळ्यावरचे सगळे हातातली कामं टाकून बघत उभे होते. परत आली तेव्हा काकांचं डोकं भुशासकट विस्कटलेलं होतं.

ते त्या दिवशी परतले नाहीत. बहिणीनं राहा म्हटलं नाही, त्यांनी राहतो म्हटलं नाही, ते ओटीवर जाऊन बसले एवढंच. आम्ही रिकामा ट्रेलर ओढत संध्याकाळच्या उजेडात घरी आलो. जीपवाला तो अंगणात सोडून गेला. बायको दारात होती.

"किती दिवस राहणार आहेत?" तिनं विचारलं.

"ते राहिले हे तुला कुणी सांगितलं?"

तिनं कोनाड्याकडं बोट केलं. तिथं काकांच्या घराची चावी होती आणि शेजारी तेलाची बुधली. "सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा देऊन गेले. म्हणाले, शनिवारी बिजागऱ्या तेवढ्या बघा."

मी अंगणात गेलो. ट्रेलरचं दार उघडून आत वाकून शिरलो आणि त्या कोपऱ्यातल्या फळीपाशी गेलो. फळीवर काथ्या भरलेलं गोणपाट दुमडून ठेवलं होतं, बसायला मऊ पडेल असं. हत्यार एकही नव्हतं. मी फळीवर बसायला गेलो, तो माझे खांदे त्या दोन उभ्या पट्ट्यांत रुतले. पहिल्या दिवशी काकांनी माझी पाठ मोजली होती. माझं माप त्यांना पक्कं ठाऊक होतं. ही जागा त्यांनी माझ्यासाठी केलीच नव्हती. भोकं माझ्या कपाळाच्याही वर होती, उंच माणूस बसला तर थेट त्याच्या डोळ्यांसमोर येतील अशी.

एवढे दिवस अंगणात बसून हा माणूस स्वतःला बहिणीच्या दारात न्यायची पेटी बांधत होता, आणि मी त्याला वाट ठेवायला विसरलात म्हणून बोललो होतो. मला हसू आलं. उठायला गेलो तर उठता येईना. शेवटी मी बायकोला हाक मारली.

ती कंदील घेऊन आली, दारातून वाकून तिनं मला पाहिलं आणि कंदील जरा वर धरला.

"ओढू नका असे," ती म्हणाली. "जरा तिरके व्हा."

मी तिरका झालो आणि सुटलो.